कोळसा खाण कामगारांवर टपाल तिकीट निघावे म्हणून: खानदेशातून प्रस्ताव कसा पाठवाल

भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रात जळणारा कोळसा खानदेशात निघत नाही. आपल्या पायाखाली बसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक आहे. कोळसा विदर्भाकडून मालगाडीच्या वाघिणींतून येतो. म्हणून अर्जात ‘आमच्या जिल्ह्याचा मान’ असा सूर लावू नका. स्मारक तिकिटासाठी, म्हणजे एखाद्या घटनेच्या किंवा व्यक्तीच्या स्मरणार्थ निघणाऱ्या तिकिटासाठी, विषय देशपातळीचा लागतो. ज्यांच्या घरात त्या कोळशाची वीज पोहोचते, असे लोक तो खणणाऱ्यांसाठी तिकीट मागत आहेत, हीच खानदेशाची बाजू आणि ती पुरेशी आहे.

आधी तीन गोष्टींतला फरक समजून घ्या, कारण बहुतेक घोटाळा इथेच होतो. ‘माय स्टॅम्प’ म्हणजे ठरलेल्या तिकिटाशेजारी तुम्ही दिलेला फोटो छापलेला ताव. त्यात १२ तिकिटे असतात आणि तावाला ३०० रुपये पडतात. अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि फोटो दिला की काम होते. सोय कुठे आहे ते मुख्य डाकघरात विचारा. ‘अमुक यांच्यावर टपाल तिकीट निघाले’ अशा गावोगावच्या बातम्यांतले तिकीट पुष्कळदा हेच असते. दुसरे, विशेष आवरण: छापील लिफाफा, वर नेहमीचे तिकीट आणि त्या दिवसापुरता खास शिक्का. याची मंजुरी राज्याच्या टपाल परिमंडळातून मिळते. तिसरे, खरे स्मारक तिकीट. ते टपाल खाते दिल्लीहून काढते आणि ते देशभर चालते.

सुरुवात विशेष आवरणापासून करा. दिल्लीच्या अर्जाला जोडण्यासारखे काहीतरी हाती येते आणि टपाल कार्यालयातल्या माणसांशी ओळखही होते. तारीख ४ मे ठेवा. तो कोळसा खाण कामगार दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी रविवार नाही ना, ते कॅलेंडरात बघा. अर्ज आपल्या विभागाच्या डाकघर अधीक्षकांमार्फत वर जातो. शुल्क आणि किमान लिफाफ्यांची संख्या लेखी विचारून घ्या, तोंडी आकड्यावर छपाईची ऑर्डर देऊ नका.

लिफाफ्याचा कागद गुळगुळीत, चकचकीत घेतला की शिक्क्याची शाई वाळत नाही आणि पहिल्या गठ्ठ्यातच बोटांचे ठसे उमटतात. साधा, न चकाकणारा, १०० ते १२० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कागद बरा. शिक्क्याच्या चित्रात करड्या छटा चालत नाहीत, फक्त जाड काळ्या रेषा. चित्र ३ सेंटिमीटरवर आणून झेरॉक्स काढा. खाणकामगाराच्या हेल्मेटवरचा दिवा ओळखू आला नाही तर रेषा कमी करा, दिवा मोठा करा.

आता स्मारक तिकीट. प्रस्ताव कोणीही नागरिक पाठवू शकतो. पत्ता: फिलाटेली (टपाल तिकिटांचा) विभाग, डाक भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली ११०००१. तिथे फिलाटेली सल्लागार समिती प्रस्ताव तपासते. तिकीट हवे त्या तारखेच्या किमान दोन वर्षे आधी अर्ज पोहोचावा. जयंतीला चार महिने उरले असताना मंत्र्यांच्या शिफारशीसह गेलेली पत्रे नुसती पडून राहतात.

‘कोळसा कामगारांचा सन्मान व्हावा’ एवढ्यावर भागत नाही, तारीख लागते. २५, ५०, १०० अशी ठळक वर्षे धरा. पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या महाबीर खाणीत नोव्हेंबर १९८९ मध्ये पाणी शिरले आणि अडकलेल्या ६५ कामगारांना पोलादी कॅप्सूलमधून एकेक करून वर काढले. त्याला २०३९ मध्ये ५० वर्षे होतील, म्हणजे अर्ज २०३७ च्या आत. १ मे १९७३ ला बिगर-कोकिंग कोळशाच्या (पोलादासाठी कोक करायला न चालणाऱ्या) खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याची ७५ वर्षे २०४८ मध्ये येतात. या दोन्हींत आमचे मत महाबीर खाणीला: त्या चित्रात माणूस मध्यभागी येतो, कायदा नाही. २७ डिसेंबर १९७५ च्या धनबादजवळच्या चासनाला खाणीतल्या दुर्घटनेत पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. तो विषय निवडायचा तर भाषा श्रद्धांजलीची ठेवा, उत्सवाची नको.

जिवंत व्यक्तीवर सहसा तिकीट निघत नाही. एखाद्या निवृत्त कामगाराचा ओळखू येईल असा फोटोही चित्राला आधार म्हणून देऊ नका.

फाइलमध्ये दोन पानांचे टिपण, विषयाचे राष्ट्रीय महत्त्व सांगणारे अर्धे पान, तारखेचा पुरावा (राजपत्र, सरकारी अहवाल किंवा त्या काळच्या वर्तमानपत्राची प्रत), चार-पाच फोटो आणि प्रत्येक फोटोच्या मालकाचे संमतीपत्र एवढे असू द्या. अडतो तो हा शेवटचा कागद. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोचा मालक सापडत नाही आणि अर्ज तिथेच थांबतो. आधी तसे तिकीट निघाले आहे का, हेही जुन्या यादीत बघून एका ओळीत लिहा.

चित्र शेवटी टपाल खात्याचे कलाकारच काढतात, पण तुमच्या सूचनांमुळे ढोबळ चुका टळतात. भारतातला बहुतेक कोळसा आज उघड्या खाणींतून, यंत्रांनी निघतो. कुदळ आणि टोपली दाखवायची तर तो जुना काळ आहे हे चित्रातून कळू द्या. भूमिगत खाणीत उघडी ज्योत कधीही दाखवू नका. मिथेन पेट घेतो, म्हणून तर जाळीदार सुरक्षा दिवा आला. पट्ट्याला बॅटरी, हेल्मेटवर दिवा, छताला टेकू एवढे पुरे. ‘मायनिंग सरदार’ हे खाणीतले खरे पद आहे; तिकिटासोबतच्या माहितीपत्रकाच्या मजकुरात ते तसेच वापरा, ‘सुपरवायझर’ करू नका. आणि काळ्या पार्श्वभूमीवर काळा चेहरा मागू नका: साधारण ४ बाय ३ सेंटिमीटरच्या कागदावर तो नुसता डाग दिसतो.

अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती फाइलला लावा. सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर पावतीचा क्रमांक देऊन स्मरणपत्र टाका आणि सोबत ४ मेच्या विशेष आवरणाची एक प्रत जोडा.