बोंडअळीच्या मेळाव्यात बोलताय? या चुका टाळा

ऑगस्ट-सप्टेंबर आला की विदर्भात गावोगाव कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर मेळावे होतात. बोलणारा अभ्यासू असतो, माहितीही खरी असते. पण मंडपातून बाहेर पडणाऱ्याला "काय सांगितलं?" असं विचारा. उत्तर येतं, "चांगले बोलले साहेब." उद्या शेतात काय करायचं, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

हेक्टरात बोलणं

शेतकरी जमीन एकरात मोजतो आणि फवारणी पंपात. "हेक्टरी ५ कामगंध सापळे" (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) म्हणण्याऐवजी एकरी २ म्हणा. शिफारस १० लिटर पाण्याला २० मिलीची असेल, तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली हा हिशेब तुम्हीच करून द्या. गावात पंप १५ चा चालतो की २० चा, ते आधी विचारून ठेवा. नाहीतर माप बाटलीच्या झाकणावर जातं.

टक्केवारी वाचून दाखवणं

"आर्थिक नुकसानीची पातळी १० टक्के" हे वाक्य पडद्यावर येतं आणि जातं. त्यापेक्षा त्याच सकाळी गावातल्या एका एकरातून २० हिरवी बोंडं तोडून आणा, वेगवेगळ्या २० झाडांवरून, झाडाला एक. पुढे बसलेल्यांच्या हातात द्या आणि भुईमुगाच्या शेंगेसारखी फोडायला लावा. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं. अळी अगदी लहान असताना आत शिरते आणि छिद्र बुजून जातं. कुणाच्या तरी बोंडात ती निघतेच असं नाही, पण निघाली की मागचेही उठून पुढे येतात. मग एवढंच सांगा: २० पैकी २ बोंडांत अळी दिसली तर फवारणी, तोवर हात आवरा. सापळ्याचंही तसंच, एका सापळ्यात सलग ३ रात्री रोज ८ पतंग सापडले तर फवारणी. हे आकडे फळ्यावर मोठ्या अक्षरात राहू द्या. दिवसा उजेडी मंडपात प्रोजेक्टर लावून काही दिसत नाही, हे दरवर्षी नव्याने का कळावं?

एका भाषणात सगळा हंगाम

माती परीक्षणापासून फरदडीपर्यंत (हंगाम संपल्यावरही तेच पीक शेतात ठेवून घेतलेला कापूस) सगळं सांगायला जाऊ नका. ऑगस्टमध्ये डोमकळ्या (अळीमुळे नीट न उमललेली, मिटून राहिलेली फुलं) वेचून नष्ट करणं आणि सापळे, एवढं पुरे. फरदड नको, डिसेंबरअखेर पीक काढा, हे नोव्हेंबरात येऊन सांगा. हार-नारळ आणि मान्यवरांची नावं तासभर चालणार असतील, तर बोंडं फोडणं आधी घ्या. सरपंचही बघतील.

फवारणारा माणूसच गैरहजर

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. दुपारच्या मेळाव्याला मालक येतो, पंप पाठीवर घेणारा मजूर त्या वेळी कामावर असतो. हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा हे सगळं त्याच्यासाठी आहे. सभा संध्याकाळी, वस्तीवर घ्या.

गाडी घसरली तर

कापसाच्या भावावरून कुणीतरी उठणारच. त्याला गप्प करू नका. दोन मिनिटं ऐका, लिहून घ्या, मग पुढे चला. आणि "कोणतं औषध मारू?" या हमखास प्रश्नावर लगेच नाव फेकू नका. आधी विचारा: बोंडं फोडून पाहिली का? मागची फवारणी कशाची आणि कधी केली? उत्तर नसेल तर त्याच्यासोबत त्याच्या शेतात जा.