अडकलेली उधारी कशी वसूल करावी?

इंदूरला घरी मसाले आणि पापड तयार करून सियागंजच्या व्यापाऱ्यांना पुरवणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना माल खपण्यापेक्षा पैसे अडकण्याची चिंता अधिक असते. त्यांनी प्रथम उद्यम पोर्टलवर, म्हणजे लघु उद्योगांच्या नोंदणीसाठीच्या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर, आधार क्रमांकाने नोंदणी करावी; ती निःशुल्क असल्याने मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करार असल्यास त्यातील मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

मात्र हा हक्क कागदावरच सिद्ध होतो. म्हणून माल उतरवतानाच चलनाच्या (मालासोबतच्या पावतीच्या) दुसऱ्या प्रतीवर दुकानदाराची सही, शिक्का आणि तारीख घ्यावी. नुसती सही पुरेशी नाही, कारण मुदत माल स्वीकारल्याच्या तारखेपासून मोजली जाते. बिलावर उद्यम क्रमांक छापावा. पहिले स्मरणपत्र, माझ्या मते, सौम्य भाषेतच असावे, कारण त्याच पेढीशी पुढेही व्यवहार करायचा असतो. तरीही रक्कम न आल्यास राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे दावा दाखल करावा.