या चुका टाळा: धंदा क्लाऊडवर नेलाय, पण ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

महिन्याच्या दहा-अकरा तारखेला माझा फोन जरा जास्तच वाजतो. जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायची शेवटची तारीख ११, आणि नेमकं त्याच सकाळी कुणाचं तरी ‘सॉफ्टवेअर उघडंना गेलंय’. जालन्याची रोलिंग मिल असो, लातूरची डाळ मिल असो की वाळूजमधला सुट्या भागांचा कारखाना, पहिलं वाक्य ठरलेलं: ‘क्लाऊड बंद पडला.’ क्लाऊड म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं वापरायचे दुसऱ्या कंपनीचे संगणक. खरोखर बंद पडलेला क्लाऊड मी आजवर दोन-तीनदाच पाहिला. बाकी वेळी क्लाऊड धडधाकट होता, आपलीच किल्ली हरवलेली होती.

वखार महामंडळाचं गोदाम आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. छप्पर त्यांचं, राखण त्यांची, पण पावती कुणाच्या नावावर फाडली हे बघायचं काम आपलं. पावती हमालाच्या नावावर असेल, तर सोयाबीन तुमच्या रानातलं असूनही उचलता येत नाही. क्लाऊडचं तसंच आहे.

खातं भाच्याच्या जीमेलवर

लातूरच्या एका आडत दुकानाचं उदाहरण सांगतो. दुकानाचे मालक अप्पांनी नात्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोराकडून सौदा, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी असं सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर करून घेतलं. काम चोख होतं. फक्त क्लाऊडचं खातं पोराच्या जीमेलवर, मोबाइल नंबर पोराचा, पहिलं कार्डही पोराचंच. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली, मग बंगळूर, आणि जुनं सिम रिचार्जवाचून बंद पडलं. बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. तो कुणाला तरी मिळालाही. दसऱ्यानंतर आवक वाढली आणि एके दिवशी खात्यानं ओटीपी मागितला.

‘पोरगं चांगलंय हो,’ अप्पा मला म्हणाले, ‘फोन उचलतंय, मदत करायलंय. पण ओटीपीच त्याच्याकडं येईना गेलाय.’

अकरा दिवस दुकान वहीवर चाललं. क्लाऊड कंपनी ओळखीची कागदपत्रं मागत होती. अप्पांकडं फर्मचा पॅन, जीएसटी, बाजार समितीचा परवाना सगळं होतं. खात्यावर मात्र फर्मचं नावच नव्हतं.

तुमच्याकडं असं आहे का, हे तपासायला मला बोलवायची गरज नाही. लॉगिनच्या पानावर ‘पासवर्ड विसरलो’ दाबा आणि संदेश कुणाच्या खिशात वाजतो ते बघा. तुमच्या गल्ल्यातल्या मोबाइलवर वाजला तर ठीक. पुण्याला वाजला तर आजच, संबंध गोड असताना, बदलून घ्या.

बदलताना मूळ खातं फर्मच्या नावावर, फर्मच्या सिमवर घ्या. प्रोग्रामरला मूळ पासवर्ड द्यायचा नसतो. त्याच्यासाठी वेगळा वापरकर्ता तयार करून कामापुरतेच अधिकार द्यायचे, आणि तो गेला की तो वापरकर्ता बंद. लॉगिनचा आकडी कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप दोन फोनवर ठेवा. प्रोग्रामरनं खात्याची गुप्त किल्ली कोडमध्येच लिहून ठेवली नाही ना, हेही विचारा. तसा कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल असा चढला, तर अशा किल्ल्या शोधत फिरणारे बॉट ती उचलतात आणि तुमच्या पैशावर क्रिप्टोचं खाणकाम सुरू होतं.

एक फास भलेभले स्वतःच्या गळ्यात घालतात. डोमेन (वेबसाइटचं नाव) जिथं नोंदवलं तिथलं लॉगिन त्याच डोमेनच्या ईमेलवर ठेवतात. डोमेनची मुदत संपली की ईमेल बंद, आणि मुदत वाढवायची सूचनाही त्याच बंद ईमेलवर जात राहते. त्या एका लॉगिनला बाहेरचा ईमेल द्या.

रात्री दोनची काटापावती

ही चूक मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती सापडेपर्यंत माणसं एकमेकांवर आळ घेतात.

जालन्याच्या एका मिलमध्ये भंगाराचे ट्रक रात्रभर येतात. वजनकाट्याच्या पावत्या थेट क्लाऊडवर जातात. मार्चअखेरचा हिशेब लागेना. गेटच्या रजिस्टरात ३१ मार्चला जितके ट्रक, त्यापेक्षा रिपोर्टमध्ये जास्त. १ एप्रिलला कमी. मुनीमजींनी काट्यावरच्या पोराला दोन दिवस घरी बसवलं.

मी फक्त चुकलेल्या पावत्यांच्या वेळा मागितल्या. सगळ्या पावत्या रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधल्या. क्लाऊडमधली यंत्रं बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढं असते. १ एप्रिलच्या पहाटे २.१० वाजताची पावती यंत्राच्या लेखी ३१ मार्चच्या रात्री ८.४० वाजताची. एका रात्रीत आर्थिक वर्ष बदलतं, आणि पोराची नोकरी जायची वेळ येते.

यावर घाईचा उपाय म्हणून सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर लावू नका. मग जुन्या नोंदी एका वेळेत, नव्या दुसऱ्या वेळेत, आणि कुठली कुठल्या वेळेची हे पुढच्या ऑडिटला कुणालाच सांगता येत नाही. डेटाबेसमध्ये यूटीसीच राहू द्या. पडद्यावर दाखवताना आणि रिपोर्टची ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ ठरवताना ‘एशिया/कोलकाता’ (संगणकात भारतीय वेळेचं नाव) वेळ वापरायला सांगा. दुसरी अट प्रोग्रामर हमखास विसरतात, म्हणून पडद्यावर वेळ बरोबर दिसते आणि बेरीज चुकते. जाता जाता, रात्री दोनला लावलेला बॅकअप सकाळी साडेसातला चालतोय का तेही बघा. ‘रोज सकाळी सॉफ्टवेअर हळू का चालतं?’ याचं उत्तर कधीकधी तिथंच असतं.

हंगामातच अडकणारं बिल

कार्डावर ऑटो-पे लावलं की विषय संपला, असं वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशा सेवांचं आपोआप कापलं जाणारं बिल १५,००० रुपयांपर्यंत असेल तरच ओटीपीविना जातं. त्यावर एक रुपया गेला तरी दर वेळी मंजुरी लागते. वर्षभर बारा-तेरा हजारांचं बिल येणाऱ्या डाळ मिलचं काय होतं बघा: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कामाचा रेटा वाढतो, बिल सोळा हजारांवर जातं, पैसे कापले जात नाहीत, आठवण करून देणारे ईमेल कुणीच उघडत नाही अशा इनबॉक्समध्ये साचतात, आणि खातं ऐन हंगामात स्थगित.

बिलाचे ईमेल मालक, मुनीम आणि सीए अशा तिघांना तरी जाऊ द्या. कंपनी आगाऊ रक्कम किंवा बँक ट्रान्सफर घेत असेल तर तो मार्ग बरा. खात्यात जीएसटी क्रमांक टाकलाय ना? नसेल तर १८ टक्क्यांच्या क्रेडिटवर दर महिन्याला पाणी. आणि बजेटची मर्यादा लावली म्हणजे खर्च तिथं थांबतो, हा गैरसमज आहे. बहुतेक ठिकाणी ती मर्यादा ओलांडल्याचा फक्त ईमेल येतो. मीटर फिरतच राहतं.

बॅकअप आहे, पण कुठं?

‘बॅकअप रोज होतो’ असं मला सगळेच सांगतात. शेवटचा बॅकअप उघडून कधी पाहिलात, असं विचारलं की चहा मागवला जातो.

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथं ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्यांचं दोन्ही गेलं. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातल्या पेन्शन फंडाचं गूगल क्लाऊडवरचं काम चुकीच्या सेटिंगमुळे मुळासकट पुसलं गेलं, दोन वेगळ्या ठिकाणच्या प्रतींसह. सहा लाखांवर सभासद खात्याबाहेर. फंड सावरला तो दुसऱ्या कंपनीकडं ठेवलेल्या प्रतींमुळे. म्हणजे त्याच खात्यातला स्नॅपशॉट (यंत्राची जशीच्या तशी प्रत) सोयीचा असतो, पण खातंच गेलं तर तोही जातो. एक प्रत दुसऱ्या कंपनीकडं, वेगळ्या लॉगिननं ठेवा. तीन महिन्यांतून एकदा ती रिकाम्या यंत्रावर उघडून एखाद्या ग्राहकाची बाकी जुळते का ते पाहा.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर इथं कायदाही आहे. हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा, असा नियम २०२२ मध्ये आला. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय बदललं याची नोंदही सतत चालू ठेवावी लागते. ती बंद करता येत असेल तर सॉफ्टवेअर नियमात बसत नाही.

मराठीची झाली प्रश्नचिन्हं

आपल्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्यांची नावं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर ‘पाटील’ दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी साठलेली असते. फॉन्ट काढला की खिचडी उघडी पडते. असा डेटा वर चढवण्याआधी युनिकोड या सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीत बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर र्‍या, ऱ्हा, ज्ञ, क्ष असलेली शंभरेक नावं डोळ्यांनी तपासावी लागतात.

चढवल्यानंतर बिघडलं असेल तर बिघाडाचं रूप नीट बघा. टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसत असतील तर बहुतेक वेळा माल शाबूत असतो, वाचायची पद्धत चुकलेली असते. नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ अक्षरं गेली. जुन्या संगणकावरून पुन्हा आणण्याशिवाय इलाज नाही. म्हणून तो जुना संगणक निदान सहा महिने भंगारात देऊ नका.

एक्सेलची करामत वेगळीच. सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून उघडली की बँक खात्यापुढची शून्यं जातात आणि पंधरा अंकांपुढचे आकडे शून्य होतात. तशीच सेव्ह करून परत चढवली, तर पट्टीचे पैसे अडकलेच. ती डेटा मेनूतून आत घ्या, अक्षरांची पद्धत (एन्कोडिंग) युटीएफ-८ निवडा आणि खातं क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा.

अंतर आणि लाइन

अ‍ॅमेझॉनची केंद्रं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहेत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात आहे. तरी कुणी काही निवडलं नाही म्हणून अमेरिकेत पडून राहिलेली सॉफ्टवेअरं मला अजून भेटतात. त्याहून वाईट म्हणजे अ‍ॅप मुंबईत आणलं, डेटाबेस तिकडंच राहिला. दोघांमधल्या एका फेरीला साधारण दोनशे मिलिसेकंद धरा. एक पान उघडायला चाळीस फेऱ्या लागत असतील तर आठ सेकंद झाले, आणि दोष मिळतो बिचाऱ्या फायबरवाल्याला. दोघांना एकाच ठिकाणी ठेवा. नांदेड-लातूरकरांना हैदराबाद निजामाच्या काळापासून जवळचं, पण इंटरनेटच्या तारा एसटीच्या रस्त्यानं जात नाहीत. दोन्हीकडचा पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) मोजा आणि मग ठरवा.

फायबर मात्र खरंच तुटतं. रस्त्याचं काम निघालं की जेसीबी आधी केबलच शोधतो. दुसरी लाइन घेताना दुसऱ्या कंपनीची, आणि जमल्यास दुसऱ्या खांबावरून आलेली घ्या. नाहीतर सिमवर चालणारा राउटर पुरतो. तो इन्व्हर्टरवर जोडलाय ना, तेही बघा. मग एखाद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कुणाला न सांगता, फायबरची वायर स्वतःच काढा आणि पंधरा मिनिटं गंमत पाहा. काट्यावरचा माणूस कार्बनचं पावतीबुक शोधायला लागला, तर ते कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे त्याला ठाऊक आहे का, तेवढं लिहून ठेवा.