तीन पिढ्या, एक पायताण आणि पाठकोरे कागद

आजी-आजोबा, आई-बाबा आणि नातवंडं एकत्र बसवून काहीतरी नवं सुचावं असं वाटत असेल, तर गप्पांनी सुरुवात करू नका. गप्पांत मोठेच बोलतात, पोरं गप्प राहतात. आधी हातात वस्तू द्या.

सहा ते आठ माणसं पुरे. रविवारी सकाळी सोप्यात सतरंजी टाका. पाठकोरे कागद, पेन्सिली, पुठ्ठा, सुतळी, कात्री आणि खळ एवढंच लागतं. खोडरबर मुद्दाम ठेवू नका. पोरं निम्मा वेळ खोडण्यातच घालवतात, आणि चुकलेल्या रेघेतूनच पुष्कळदा काही निघतं.

वस्तू घरातली, हातानं घडलेली हवी. आपल्या कोल्हापुरात पायताणासारखं दुसरं काय? २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती उसवून आत पाहिलेली माणसं थोडीच. जुनी, झिजलेली चप्पल घ्या. तळ, पट्टा, अंगठा आणि पट्टा जिथं जोडलेला असतो ते कडेचे कान नीट बघा. चामड्याच्या वादीनं घातलेली शिवण बोटानं चाचपा. घरात किंवा गल्लीत हे काम केलेले आजोबा असतील, तर त्यांना ‘शिकवा’ म्हणू नका, ‘करून दाखवा’ म्हणा. शिकवा म्हटलं की ते अवघडतात. रापी, म्हणजे चामडं कापायचं हत्यार, हातात आली की बोलू लागतात.

मग पाच मिनिटं प्रत्येकानं चित्र काढायचं. नजर वस्तूवर, कागदावर कमी. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करणारे बाबूराव पेंटर पडद्यावर यायचं ते आधी कागदावर रेखाटून घेत. चित्र छान येण्याची गरज नाही, बघणं झालं पाहिजे.

आता खरी गंमत. कागद बदला. नातीचा आजीकडे, आजीचा नातीकडे. दुसऱ्याच्या चित्रावर एकच भर घालायची: ‘ही चप्पल वापरताना कुठं अडतं?’

आमच्याकडे आजीनं टाचेजवळ फुली मारली, चालताना चप्पल निसटते म्हणून. आठ वर्षांच्या नातीनं तिथं परकराची नाडी काढली. सगळे हसले, पण शेजारचे आजोबा कागद उन्हाकडे धरून बघत राहिले. “नाडी तळाला भोक पाडून घालू नगंस, फाटंल. कानातनं ओव.” एका चित्रात तिघांची भर पडली होती.

लगेच पुठ्ठ्याची प्रतिकृती करा. उद्यावर टाकलं की कल्पना विरते. पायात घालून चार पावलं चाला, सुटेल तिथं सुतळी बांधा. ‘असं होत नसतं’ हे वाक्य तोवर कुणालाही बोलू देऊ नका, आजोबांनाही नाही.

शेवटी प्रत्येक कागदावर हात लावलेल्या सगळ्यांची नावं आणि तारीख लिहा. न जमलेलीही चित्रं एकाच वहीत चिकटवा. पुढच्या रविवारी ती वही आधी उघडायची.