परसात करवंदाची जाळी लावायची तर

करवंद लावायचं मनात असेल तर सुरुवात मे महिन्यात, करवंदं खातानाच करायची. त्याचं बी साठवून ठेवता येत नाही. फळातून काढल्यावर थोड्याच दिवसांत त्याची उगवण्याची ताकद जाते. पुडीत बांधून दिवाळीपर्यंत ठेवलेलं बी मातीत नुसतं कुजतं.

बी धरण्याआधी मातृझाड मात्र नीट निवडा. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या खडकाळ पठाराच्या, कडेला आहे. सड्यावर जाळ्याच जाळ्या, आणि लागून असलेल्या दोन जाळ्यांच्या चवीतही केवढा फरक! एकीची करवंदं बारीक, आंबट, तोंडात नुसत्या बिया. दुसरीची गराळ आणि गोडमिट्ट. म्हणून आधी खा, मगच बी धरा. फळ तोडून आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ इथलं प्रत्येक मूल खेळतं. मी लावलेल्या जाळ्या बहुतेक कोंबड्याच्या आहेत, कारण त्या लाल गराचं सरबत दिसायलाही सुंदर होतं. शहरात राहणाऱ्यांनी घाटातल्या रस्त्यावर पानाच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या बायकांकडून घ्यावीत, आणि कुठल्या डोंगरातली गोड असतात तेही त्यांनाच विचारावं. त्यांच्याइतकी जाळ्यांची पारख कुणाला नसते.

पूर्ण काळी, मऊ झालेली फळं कुस्करून बिया काढायच्या. गर चिकट असतो, तेव्हा थोडी राख लावून चोळून धुवायच्या आणि एक दिवस सावलीत सुकवून लगेच पिशव्यांत टोचायच्या. लाल माती, वाळू आणि जुनं शेणखत सारखं मिसळलं की पुरे. बी अर्धा इंचापेक्षा खोल नको. पिशव्या पागोळ्यांखाली ठेवू नका. आमच्याकडच्या जुलैच्या धारेत कोवळा कोंब टिकत नाही. पडवीच्या कडेला उजेड येतो पण पाणी आदळत नाही, ती जागा उत्तम. पहिल्या वर्षी रोप फार हळू वाढतं. ते पिशवीतच राहू द्या आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर जमिनीत लावा.

बियांच्या रोपाला मातृझाडासारखंच फळ येईल, याची खात्री नसते. अगदी तीच चव हवी असेल तर गुटी कलम करा. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढायची, येणारा चीक पुसायचा, ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. मुळं धरायला दोन महिने सहज लागतात, कधी जास्तही; आत पांढरी मुळं दिसल्याशिवाय फांदी कापायची नाही. नुसती फांदी खोचून करवंद सहसा लागत नाही.

रोपवाटिकेतून आणणार असाल तर नेमकं काय देतायत ते विचारा. पांढरी-गुलाबी मोठी करवंदं येणारं झाड वेगळं. ते लोणच्याला आणि मुरांब्याला चांगलं, पण आपल्या डोंगरातल्या काळ्या करवंदाची चव त्याला नाही. शोभेचं म्हणून विकलं जाणारं नेटाल प्लम तर दक्षिण आफ्रिकेतलं, करवंदाचंच भावंड. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात मात्र जरूर लावा. डोंगरातलं रोप उपटून आणू नका. जांभ्याच्या फटीत गेलेलं मूळ धड निघत नाही. प्लॉट पाडताना जेसीबीखाली आधीच किती जाळ्या जातायत! उरलेल्यांना हात लावू नये, असं मला फार वाटतं.

जागा उन्हाची हवी. सावलीत जाळी हिरवीगार राहते, पण फुलत नाही. जमीन कसलीही चालते: मुरूम, जांभा, बरड. फक्त पाणी साचता कामा नये. भारी काळी जमीन असेल तर उंचवट्यावर लावा. खड्डा दीड फुटाचा पुरतो. त्यात पाटीभर शेणखत. कुंपण करायचं असेल तर रोपांत दोन-तीन फूट अंतर ठेवा, एकटी जाळी हवी असेल तर चारी बाजूंनी सहा फूट मोकळं सोडा. काटे टोकदार, जोडीजोडीने येणारे असतात, त्यामुळे पायवाटेच्या आणि मुलांच्या खेळायच्या जागेच्या कडेला नको. गडग्याला, म्हणजे दगडी बांधाला, लागून लावली की गुरं आत येत नाहीत.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी घाला, बुंध्याशी पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, पसरा. पुढे पाण्याची गरज राहत नाही. मी रासायनिक खत घालत नाही. पावसाआधी शेणखताचं एक घमेलं पुरतं.

छाटणीची वेळ मात्र सांभाळायची. फुलं फांद्यांच्या शेंड्यांना येतात. थंडीत कुंपण नीटनेटकं करायला कात्री चालवली तर जानेवारी-फेब्रुवारीत यायचा बहर तिथेच कापला जातो. फळं संपली की जूनमध्ये लगेच छाटा. सुकलेल्या आणि आत गुंतलेल्या फांद्या काढा, म्हणजे मधून हवा खेळेल आणि पुढच्या वर्षी हातही आत जाईल. जाड हातमोजे घाला. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

बियांपासूनची जाळी साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळं देऊ लागते. एप्रिलमधली हिरवी, टणक करवंदं लोणच्याची. काढण्याआधी हाताला खोबरेल लावा, नाहीतर चिकाने बोटं चिकटतात. मग फळं मिठाच्या पाण्यात ठेवून दोनदा धुवा. जेलीलाही हीच घ्या, त्यांत जेली घट्ट करणारं पेक्टिन भरपूर असतं. खायची करवंदं मे महिन्यात, हात लावताच सुटून येतील तेव्हाच काढा. ओढून काढावं लागणारं फळ वरून काळं असलं तरी आंबट निघतं. पाऊस लागला की फळं पाणचट होऊन गळतात, त्यामुळे ढग दिसायला लागले की भराभर काढून घ्या. वरच्या शेंड्यांची मात्र बुलबुलांसाठी ठेवा.

गच्चीवर लावायची असेल तर दीड फूट खोल, बुडाला भोकं असलेली कुंडी घ्या, दक्षिणेचं ऊन द्या आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका. कुंडीतली जाळी मापातच राहते, पण दर दोन-तीन वर्षांनी वरची चार बोटं माती काढून शेणखत मिसळलेली नवी भरावी लागते. हे काम जूनच्या छाटणीबरोबरच उरकून घ्या.