गाडीखाली लाइट लावताय? मग या चुका टाळा

रात्री गाडीखालून रस्त्यावर सांडलेला तो उजेड बघायला मला आजही आवडतं. म्हणूनच एक पट्टी लोंबकळतेय, दुसरी अर्धीच पेटतेय अशी गाडी दिसली की वाईट वाटतं. बहुतेक वेळा दोष एलईडी स्ट्रिपचा नसतो. लावणाऱ्याला त्याच संध्याकाळी चक्कर मारायची असते आणि तिथेच काम बिघडतं.

फ्यूज आहे, पण चुकीच्या टोकाला

फ्यूज लाइटसाठी नसतो, वायरसाठी असतो. एवढं डोक्यात पक्कं बसलं तर तो कुठे लावायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत, त्यापुढे नाही.

पहिल्या गाडीत मी नेमकं उलटं केलं. किटमधला फ्यूज कंट्रोलरपाशी (लाइट चालू-बंद करणाऱ्या डबीपाशी) होता आणि कंट्रोलर डॅशबोर्डखाली. बॅटरीपासून तिथपर्यंत दीडेक मीटर वायरला कसलंच संरक्षण नव्हतं. शिवाय ती वायर मी इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेट (भोकाची धार झाकणारी कडी) न बसवताच ओढली. तीन आठवडे सगळं छान चाललं. मग एका रात्री सिग्नलला थांबलो असताना जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. बॉनेट उघडलं तर वायरवरचं आवरण वितळून शेजारच्या हार्नेसला, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्याला, चिकटत होतं. टूलकिटमधून दहाचा पाना शोधून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवेपर्यंत हात थरथरत होते. नंतर वायर बाहेर काढली. पत्र्याच्या धारेने आवरण कापलं गेलं होतं आणि आतलं तांबं चकाकत होतं. फ्यूज मात्र जसाच्या तसा, कारण शॉर्ट त्याच्या आधीच, बॅटरीच्या बाजूला झाला होता.

त्या दिवसापासून मी आधी फ्यूज होल्डर बसवतो, मग ग्रोमेट, मग वायर, आणि फ्यूज सगळ्यात शेवटी घालतो. हिशोबही सोपा आहे. मीटरला 60 एलईडी असलेली नेहमीची 5050 (5 मिलिमीटर चौकोनी एलईडीची) स्ट्रिप 12 व्होल्टवर मीटरमागे साधारण 14 वॉट खाते. चारही बाजूंची मिळून साडेचार मीटर पट्टी धरली तर 63 वॉट, म्हणजे सव्वापाच अँपिअर. त्याला 7.5 अँपिअरचा फ्यूज आणि 1 चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर पुरते. फ्यूज सारखा उडतो म्हणून 20 चा ठोकणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी वायर घासतेय किंवा पाणी शिरलंय. आधी ते शोधा.

मळक्या पत्र्यावर चिकटवणं

सगळ्यात जास्त पट्ट्या याच कारणाने पडतात. वरून पुसलेला पत्रा स्वच्छ दिसतो, पण त्यावर तेल, डांबराचे शिंतोडे आणि चिखलाची बारीक पूड असतेच. मी आदल्या दिवशी गाडीचं पोट धुतो आणि रात्रभर सुकू देतो. दुसऱ्या दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पांढऱ्या सुती फडक्याने पुसतो. पहिलं फडकं काळं निघतं, दुसरं राखाडी. तिसरं पांढरंच राहिलं की मग टेपचा कागद सोलायचा. पट्टी अंगठ्याने इंच इंच दाबत पुढे जायचं. दुहेरी टेपला पूर्ण पकड घ्यायला साध्या तापमानात सुमारे 72 तास लागतात, तोवर गाडी धुवायची नाही. हे सांगितलं की लोक घड्याळ बघतात! पण घाईत लावलेली पट्टी पहिल्याच पावसात सुटते.

पत्र्यावर अंडरकोटिंग (गंज रोखणारा जाड थर) असेल तर टेपच्या भरवशावर राहूच नका. टेप कोटिंगला धरतो आणि कोटिंगच सुटून येतं. टेप लागला तरी दर वीतभर अंतरावर क्लिप किंवा झिप टाय हवाच.

बाकीच्या, पण सोडून द्याव्यात अशा नाहीत

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. दोन जॅक स्टँड, सपाट जमीन, चाकांना अडसर. यात तडजोड नाही.

अर्थिंगची वायर रंगावर कसली की लाइट लुकलुकतात. पत्रा चकाकेपर्यंत घासा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) कसा, वरून ग्रीस लावा.

इन्सुलेशन टेप गाडीखाली टिकत नाही. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळणारी नळी) वापरा.

स्ट्रिप कापायची तर खुणेवरच कापा आणि कापलेलं टोक सील करा. सीलंट न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं गंजवतं. मी एकदा तेच वापरलं आणि काही महिन्यांत टोकाचे तीन दिवे हिरवे पडून गेले.

सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) खूप तापतात, त्यांच्यापासून लांब राहा, आणि गाडी उचलायच्या जागांवरून पट्टी नेऊ नका.

पिवळ्या वायर एअरबॅगच्या असतात आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी वायर उच्च दाबाच्या. त्यांना हात लावायचा नाही.

कंट्रोलर थेट बॅटरीला जोडला की लाइट बंद असतानाही थोडा करंट खात राहतो. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरी उतरू शकते. चावी फिरवल्यावरच सप्लाय मिळेल असा रिले (विजेवर चालणारा स्विच) लावा.

लाल-निळी उघडझाप ठेवू नका. मागचा माणूस तिला पोलिसांची किंवा रुग्णवाहिकेची गाडी समजून गडबडतो. कुठला रंग चालतो आणि चालत्या गाडीत लाइट लावता येतो का, हे आपल्या भागातल्या वाहन नियमांत पट्टी विकत घेण्याआधी बघून घ्या.

गाडी स्टँडवरून उतरवण्याआधी मी लाइट चालू ठेवून पाइपने खालून पाणी मारतो आणि अर्धा तास थांबतो. एखादा दिवा मंदावला तर तो सांधा तिथल्या तिथे उघडतो.