पायथॉनमधला पहिला लूप: चर्चगेट ते दादर

चर्चगेटहून सुटणाऱ्या स्लो लोकलची दादरपर्यंतची ९ स्थानकं पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत स्क्रीनवर छापायची आहेत. प्रिंटची ओळ ९ वेळा लिहूनही काम भागेल, पण यादी विरारपर्यंत गेली की हात भरून येतील. म्हणून लूप, म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा चालवून घेणारी रचना.

सुरुवात फॉर लूपनेच करा. आधी यादी:

यादी = ["चर्चगेट", "मरीन लाइन्स", "चर्नी रोड", "ग्रँट रोड", "मुंबई सेंट्रल", "महालक्ष्मी", "लोअर परळ", "प्रभादेवी", "दादर"]

मग दोन ओळी:

फॉर स्थानक इन यादी:
    प्रिंट(स्थानक)

फॉर, इन, प्रिंट आणि पुढे येणारे इफ, ब्रेक, रेंज, व्हाइल हे पायथॉनचे शब्द आणि कोडमधले आकडे इंग्रजीतच टाइप करा. ‘यादी’ आणि ‘स्थानक’ ही आपण ठेवलेली नावं. पायथॉन ३ मध्ये ती देवनागरीतही चालतात. पहिल्या ओळीच्या शेवटी कोलन हवाच. दुसरी ओळ चार स्पेस आत घ्या, कारण लूपमध्ये काय येतं हे पायथॉन त्यावरूनच ओळखतो.

रन करण्याआधी वही घ्या. पहिल्या फेरीत ‘स्थानक’मध्ये काय असेल? चर्चगेट. दुसऱ्या फेरीत? मरीन लाइन्स. अशा तीन-चार फेऱ्या हाताने लिहा. नवशिक्यांनी ही पायरी अजिबात गाळू नये. लूप इथेच डोक्यात बसतो.

आता महालक्ष्मीला थांबायचं आहे. लूपच्या आत ही अट घाला:

    इफ स्थानक == "महालक्ष्मी":
        ब्रेक

ती प्रिंटच्या खाली लिहिली तर महालक्ष्मी छापून लूप थांबतो. प्रिंटच्या वर लिहिली तर मुंबई सेंट्रलवरच छपाई संपते. दोन्ही करून बघा, वहीतल्या फेऱ्यांशी ताडून बघा.

नुसते आकडे हवे असतील तर रेंज वापरा. रेंज(१, ९) मात्र ८ वरच थांबतं, शेवटचा आकडा त्यात धरला जात नाही. १ ते ९ हवे असतील तर रेंज(१, १०) लिहा.

किती फेऱ्या लागतील हे आधी ठाऊक नसेल, उदाहरणार्थ बरोबर पासवर्ड मिळेपर्यंत विचारत राहायचं असेल, तर व्हाइल लूप. तो दिलेली अट खरी असेपर्यंत फिरत राहतो. त्याची अट कधीतरी खोटी ठरेल अशी ओळ आत असायलाच हवी. ती राहिली आणि स्क्रीनवर एकच ओळ धावत सुटली, तर कंट्रोल आणि सी एकत्र दाबा, प्रोग्रॅम थांबेल.